छत उंचावले, उंबरठा तसाच

परदेशी ग्राहक शोधणे इंटरनेटमुळे सोपे झाले. त्याच्यापर्यंत वस्तू पोहोचवणे आणि तिचे पैसे हाती पडणे मात्र लहान विक्रेत्याला आजही महाग पडते. अमेरिकेने २०२५ मध्ये लहान पार्सलांवरील शुल्कमाफी बंद केल्यापासून तर या व्यवहाराचे सारे गणितच बदलले आहे.

जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेशी कमालीचे साम्य असलेली पादत्राणे सादर केली आणि महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असताना तिच्या मूळ कारागिरांचा साधा उल्लेखही कंपनीने केला नव्हता. टीकेनंतर कंपनीने हे मूळ मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि या दोन राज्यांत सुमारे दोन हजार जोड तयार करून घेण्याचे जाहीर केले. एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या आसपास ठरली.

या वादात श्रेयाचा प्रश्न गाजला आणि तो गाजणे योग्यच होते. त्या गदारोळात एक व्यावहारिक प्रश्न मात्र मागे पडला. हीच चप्पल कोल्हापूरचा कारागीर लंडनमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या ग्राहकाला थेट का विकू शकत नाही? छायाचित्र काढण्यास मोबाइल आहे, माल मांडण्यास संकेतस्थळे आहेत, विदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांपासून तेथील हौशी खरेदीदारांपर्यंत गिऱ्हाईकही आहे. तरीही ही विक्री फारशी होत नाही. सरकारी वर्तुळातून मांडल्या जाणाऱ्या अंदाजांनुसार भारताची ई-कॉमर्स निर्यात जेमतेम पाच अब्ज डॉलरच्या घरात आहे, तर चीनची अडीचशे अब्जांच्या पुढे. ३१ मार्च २०२३ रोजी जाहीर झालेल्या परराष्ट्र व्यापार धोरणाने २०३० पर्यंत या क्षेत्रात दोनशे ते तीनशे अब्ज डॉलरची क्षमता असल्याचे म्हटले होते. क्षमता आणि वास्तव यांतील हे अंतर कारागिरीच्या अभावामुळे पडलेले नाही. ते पडले आहे पार्सल, पैसा आणि कागद या तीन गोष्टींमुळे.

हिशेब एका पार्सलाचा

मोठा निर्यातदार कंटेनरने दहा हजार जोड पाठवतो, तेव्हा एक शिपिंग बिल लागते, मालाचे वर्गीकरण एकदाच करावे लागते आणि पैसेही बँकेत एकदाच जमा होतात. हेच दहा हजार जोड स्वतंत्र ग्राहकांना पाठवायचे झाल्यास ही सारी यातायात दहा हजार वेळा करावी लागते. लहान विक्रेत्याच्या अडचणीचे मूळ येथे आहे. त्याचा खर्च मालाच्या किमतीवर कमी आणि पार्सलांच्या संख्येवर अधिक ठरतो.

वजनाचेच उदाहरण पाहावे. हवाई कुरियर कंपन्या पार्सलाचे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी करतात. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार पाच हजाराने भागून आकारमानाचे वजन काढण्याची पद्धत रूढ आहे. तीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद आणि बारा उंच अशा खोक्याचे वजन या हिशेबाने जवळजवळ दीड किलो भरते. आतील चपलेचा जोड प्रत्यक्षात एक किलोही भरत नसला, तरी विक्रेता रिकाम्या जागेचेही पैसे मोजतो.

समजा, वाहतूक, पैसे स्वीकारण्याचे शुल्क आणि कागदपत्रे मिळून एका पार्सलामागे पंचवीस डॉलर खर्च येतो. चाळीस डॉलरच्या चपलेवर हा भार साठ टक्क्यांहून अधिक होतो. नऊशे डॉलरच्या चपलेवर तोच भार तीन टक्केही होत नाही. म्हणजे ज्याच्या वस्तूची किंमत जास्त, त्याला हा खर्च जाणवतही नाही आणि ज्याची कमी, त्याचा धंदाच उभा राहत नाही. प्रत्येक पार्सलामागे द्यावी लागणारी ठरावीक रक्कम ही अशा रीतीने लहान विक्रेत्यावरील न दिसणारी पट्टी ठरते.

टपालाचा जुना करार

स्वस्त पार्सलाचा सर्वात जुना आधार टपाल हाच आहे. १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या करारातून आजची जागतिक टपाल संघटना उभी राहिली आणि भारत १८७६ मध्ये तिच्यात सामील झाला. एका देशाने गोळा केलेले टपाल दुसऱ्या देशाने घरपोच द्यावे, हे या व्यवस्थेचे सूत्र. सुरुवातीला प्रत्येक देश टपालाचे पैसे स्वतःकडेच ठेवी. १९६९ पासून मात्र टपाल पाठवणाऱ्या देशाने पोहोचवणाऱ्या देशाला मोबदला देण्याची पद्धत सुरू झाली. हा मोबदला विकसनशील देशांसाठी कमी ठेवला गेला. पत्रांच्या जमान्यात त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ई-कॉमर्सच्या काळात मात्र चीनमधून निघालेले पार्सल अमेरिकेत पोहोचवण्याचा खर्च अमेरिकेतल्या अमेरिकेत पार्सल पाठवण्यापेक्षाही कमी पडू लागला आणि अमेरिकी टपाल खात्याने तो अन्याय मानला.

२०१८ मध्ये अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हा येथील विशेष अधिवेशनात तडजोड झाली. तिच्यानुसार जुलै २०२० पासून अमेरिकेला आपले दर स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली आणि इतर देशांसाठी हा बदल टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले. वाद अमेरिका आणि चीन यांचा होता, पण त्यातून निघालेला नियम सर्वांना लागू झाला. भारतातून जाणाऱ्या लहान पाकिटावरही पोहोचवणाऱ्या देशाचा वाटा वाढला. चीनने दरम्यानच्या काळात स्वस्त टपालावर मिळवायचे ते मिळवले होते. २०१५ मध्ये हांगझौ येथे सीमापार ई-कॉमर्ससाठी पहिले विशेष क्षेत्र सुरू करून त्याने गोदामे, सीमाशुल्क, बँका आणि वाहतूक एकाच जागी आणली होती. आज तेथे अशी दीडशेहून अधिक क्षेत्रे आहेत.

अमेरिकेची बंद झालेली खिडकी

टपालानंतरचा दुसरा आधार होता शुल्कमाफीचा. अमेरिकेत २०१६ मध्ये ही मर्यादा दोनशे डॉलरवरून आठशे डॉलरवर नेण्यात आली. त्याखालील किमतीचे पार्सल शुल्काविना आणि किरकोळ कागदपत्रांवर ग्राहकाच्या दारात पोहोचत असे. २०१५ मध्ये अशा पार्सलांची संख्या सुमारे १३ कोटी ४० लाख होती. २०२४ मध्ये ती १३६ कोटींवर गेली. तेथील दुकानदारांची नाराजी, बुडणारा महसूल आणि पार्सलांतून होणारी अमली पदार्थांची तस्करी या तिन्ही कारणांनी ही सवलत राजकीय रोषाचा विषय बनली.

२ मे २०२५ रोजी चीन आणि हाँगकाँगसाठी आणि २९ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वच देशांसाठी ही सवलत बंद झाली. नव्या पद्धतीत शुल्क कोणी वसूल करायचे आणि ते कसे भरायचे, हे स्पष्ट नसल्याने जगभरच्या टपाल खात्यांची तारांबळ उडाली. जागतिक टपाल संघटनेच्या माहितीनुसार अमेरिकेकडे जाणारे टपाल एका आठवड्यात ८० टक्क्यांहून अधिक घटले आणि ८८ टपाल संस्थांनी आपली सेवा पूर्णतः किंवा अंशतः थांबवली. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतांश पार्सलांची नोंदणी थांबवली. काही दिवसांतच पत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूही घेणे बंद झाले. ही सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पूर्ववत झाली. त्या वर्षी दिवाळी अवघ्या पाच दिवसांवर होती. फराळ, कंदील, उटणे आणि पैठणीच्या वस्तू परदेशी पाठवणाऱ्या लहान उद्योगांचा हाच हंगाम असतो. तो टपालाच्या वाटेने बहुतांशी हातचा गेला.

सेवा सुरू झाली ती नव्या अटीवर. अमेरिकेतील शुल्क आता पार्सल देतानाच भारतात भरावे लागते आणि टपाल खाते ते मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फत तिकडे जमा करते. त्या वेळी हा दर घोषित किमतीच्या ५० टक्के होता. अमेरिकेतील शुल्कांचे दर त्यानंतरही बदलत राहिले आणि विक्रेत्यांना अंदाज बांधणे कठीण झाले. माफीची खिडकी पुन्हा उघडेल, या आशेवर मात्र कोणी विसंबू नये. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने मंजूर केलेल्या कायद्यानुसार ही सवलत १ जुलै २०२७ पासून कायद्यातूनच रद्द होणार आहे.

युरोपचा कलही तोच आहे. तेथे २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली मूल्यवर्धित करातील सूट जुलै २०२१ मध्येच गेली. दीडशे युरोखालील पार्सलांतील वस्तूंवर १ जुलै २०२६ पासून तीन युरोचे ठोक शुल्क लावण्याचे डिसेंबर २०२५ मध्ये ठरले. दहा युरोच्या वस्तूवर हे शुल्क ३० टक्के होते आणि १४० युरोच्या वस्तूवर दोन टक्के. रोख स्वस्त चिनी मालावर असला, तरी झळ सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यालाही लागणार आहे.

पैसे येण्याची वाट

माल पोहोचला तरी व्यवहार संपत नाही. देशांतर्गत ग्राहकाचे पैसे यूपीआयमुळे क्षणात आणि जवळजवळ फुकट मिळतात. हेच पैसे सीमेपलीकडून येतात, तेव्हा कार्डाचे शुल्क, मध्यस्थाचे शुल्क आणि चलन बदलून देतानाचा दरातील फरक असे तीन वाटेकरी आधी उभे असतात. बँकेतून थेट पैसे मागवावेत, तर मधल्या बँका रक्कम कितीही असली तरी आपले ठरावीक शुल्क कापून घेतात. चाळीस डॉलरसाठी हा मार्ग कोणी वापरत नाही.

रिझर्व्ह बँकेने या वाटेवरील निर्बंध क्रमाक्रमाने सैल केले, हे मान्य करावे लागेल. ऑनलाइन मध्यस्थामार्फत निर्यातीचे पैसे स्वीकारण्याची मर्यादा नोव्हेंबर २०१० मध्ये प्रतिव्यवहार पाचशे डॉलर होती. ऑक्टोबर २०११ मध्ये ती तीन हजार आणि जून २०१३ मध्ये दहा हजार डॉलर झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मध्यस्थांसाठी नवी परवाना पद्धत आली आणि मर्यादा एका वस्तूमागे पंचवीस लाख रुपये झाली. कुरियरने होणाऱ्या निर्यातीचेही तसेच. २०२३ च्या धोरणाने प्रतिपार्सल मर्यादा पाच लाखांवरून दहा लाख रुपये केली आणि १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात ती पूर्णपणे हटवण्याची घोषणा झाली.

हे सारे निर्णय स्वागतार्ह आहेत, पण त्यांची दिशा एकच आहे. प्रत्येक वेळी छत उंचावले गेले. साडेतीन हजार रुपयांची चप्पल पाठवणाऱ्याचे डोके दहा लाखांच्या छताला कधीच लागत नव्हते. त्याला ठेच लागते ती उंबरठ्याला, म्हणजे पहिले पार्सल पाठवण्यासाठी आणि नंतरच्या प्रत्येक पार्सलासाठी येणाऱ्या किमान खर्चाला आणि खटपटीला.

साठ बिले, एक रक्कम

ही खटपट बँकेत सर्वाधिक जाणवते. निर्यातीचे प्रत्येक बिल रिझर्व्ह बँकेच्या संगणकीय नोंदणी प्रणालीत येते आणि त्याचे पैसे ठरावीक मुदतीत देशात आले, असे बँकेने दाखवून ती नोंद बंद करायची असते. परकीय चलनावर नजर ठेवणे हा त्यामागचा हेतू. एका बिलाचे पैसे एका रकमेत येतात, या गृहीतकावर ही पद्धत उभी आहे.

ऑनलाइन विक्रीत असे होत नाही. महिन्यात साठ पार्सले गेली, तर विक्रीमंच आपली दलाली, जाहिरातीचा खर्च आणि ग्राहकांना परत केलेले पैसे वजा करून पंधरवड्याला एक एकत्रित रक्कम पाठवतो. साठ बिलांच्या बेरजेशी ही रक्कम कधीच जुळत नाही. प्रत्येक बिलापुढे किती पैसे आले आणि कमी का आले, याचा खुलासा विक्रेत्याने करायचा आणि प्रत्येक नोंद बंद करण्याचे शुल्क बँकेने घ्यायचे, असा परिपाठ पडला. नोंदी उघड्या राहिल्या की निर्यातदारावर थकबाकीचा शिक्का बसण्याची धास्ती. मग अनेक विक्रेते पार्सल नमुना किंवा भेट म्हणून पाठवण्याचा आडमार्ग धरतात. त्याने कटकट टळते, पण निर्यातीची नोंद, तिच्यावरील कराचा परतावा आणि बँकेत पत निर्माण होण्याची संधी, हे सारेच बुडते.

गेल्या काही महिन्यांत या उंबरठ्याकडे प्रथमच गांभीर्याने पाहिले गेले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने कर भरून केलेल्या निर्यातीवर एक हजार रुपयांखालील परतावाही मिळावा, अशी शिफारस केली. १ ऑक्टोबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने दहा लाख रुपयांपर्यंतच्या बिलांची नोंद निर्यातदाराच्या घोषणापत्रावर बंद करण्यास मुभा दिली. कमी आलेली रक्कम मान्य करण्यास आणि तिमाहीला अनेक बिलांचे एकच घोषणापत्र देण्यासही परवानगी मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पैसे देशात आणण्याची मुदत नऊ महिन्यांवरून पंधरा महिने झाली. शुल्क परताव्यासारखे जे लाभ बंदरातून माल पाठवणाऱ्याला मिळत, ते १५ जानेवारी २०२६ पासून टपालाने निर्यात करणाऱ्यालाही खुले झाले. डिसेंबर २०२२ पासून टपाली निर्यातीची कागदपत्रे ऑनलाइन भरता येतात आणि देशभरात एक हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत.

उरलेले काम

कागदावर चित्र बदलले आहे. ते काउंटरवर किती बदलले, हा खरा प्रश्न. रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक मुंबईत निघते. तालुक्याच्या शाखेतील अधिकारी ते वाचतो तेव्हाच विक्रेत्याला त्याचा लाभ होतो. आणि घोषणापत्रावर नोंद बंद करणे ही सवलत आहे, व्यवस्था नव्हे. टपाल खात्याकडे पार्सलाची नोंद आहे, परवानाधारक मध्यस्थाकडे पैशाची नोंद आहे. या दोन नोंदी परस्पर जुळवून बिल आपोआप बंद होणे तंत्रदृष्ट्या अशक्य नाही. यूपीआय उभारणाऱ्या देशाला तर नाहीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊ प्रणालीशी जोडले गेले, ते मुख्यतः माणसांनी माणसांना पैसे पाठवण्यासाठी. परदेशी ग्राहकाने भारतीय विक्रेत्याला वस्तूचे पैसे अशाच स्वस्त वाटेने द्यावेत, हा पुढचा टप्पा असायला हवा.

दुसरे काम टपाल खात्याचे. अमेरिकेसाठी शुल्क आगाऊ भरण्याची सोय नाइलाजाने का होईना, पण उभी राहिली. तीच सोय युरोपसाठी हवी. तेथील मूल्यवर्धित कराची नोंदणी करायची, तर युरोपबाहेरच्या विक्रेत्याला सहसा तेथील मध्यस्थ नेमावा लागतो. एकट्या कारागिराला हे झेपणारे नाही. टपाल खाते किंवा महामंडळ सर्वांच्या वतीने ते करू शकते. मालाचा योग्य संकेतांक कोणता, किंमत कशी घोषित करायची, हे डाकघर निर्यात केंद्रात मराठीत समजावून सांगणारा माणूस असणे ही मामुली वाटणारी, पण निर्णायक गोष्ट आहे. शुल्कमाफी असताना चुकीचा संकेतांक खपून जात असे. आता त्यावरच शुल्क ठरते.

तिसरा प्रश्न परत येणाऱ्या मालाचा. चपलेचे माप चुकले की ती परत येते आणि आपलाच माल देशात शुल्काविना घेताना तो आपलाच आहे, हे सिद्ध करावे लागते. त्यापेक्षा अनेक विक्रेते वस्तू सोडून देतात आणि पैसे परत करतात. परत आलेल्या पार्सलांची व्यवस्था सुधारण्याचे आश्वासन २०२६ च्या अर्थसंकल्पीय भाषणात आहे. त्याचे नियम किती सुटसुटीत होतात, यावर कपडे आणि पादत्राणे विकणाऱ्यांचे भवितव्य अवलंबून राहील.

यावर एक आक्षेप घेतला जातो. इतकी सूट दिली, तर खोटी बिले आणि काळ्या पैशाची ये-जा वाढेल. ही भीती निराधार नाही. पण मोठी लबाडी चाळीस डॉलरच्या हजारो पार्सलांतून करणे जिकिरीचे असते, ती मोठ्या रकमांच्या बिलांतून सोपी पडते. जोखीम जेथे कमी, तेथे तपासणी नमुन्यापुरती ठेवणे आणि जेथे जास्त, तेथे काटेकोर करणे, हा बँकांना परिचित असलेलाच मार्ग आहे. आज सर्वात लहान व्यवहाराला सर्वात मोठ्या व्यवहाराइतकेच कागद लागतात. यात सावधगिरीपेक्षा सवयीचाच भाग अधिक आहे.

निर्यातीचे यश आपल्याकडे अब्ज डॉलरच्या आकड्यांत मोजले जाते आणि ते आकडे मोठ्या निर्यातदारांच्या जोरावर वाढू शकतात. या सुधारणांचे मोजमाप वेगळे हवे. पाच हजार रुपयांखालील किती पार्सले अधिकृत निर्यात म्हणून नोंदली गेली, त्यांपैकी किती बिले बँकेच्या खेपा न घालता बंद झाली आणि पहिले पार्सल पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी वर्षभरात दुसरे पाठवले, हे आकडे टपाल खाते आणि रिझर्व्ह बँक यांनी दर तिमाहीला जाहीर करावेत. उंबरठा खरोखरच उतरला की नाही, ते त्यांवरून कळेल.